आमच्या कृषी सेवा केंद्राची सायबर झाडाझडती

कराडच्या मार्केट यार्डाजवळ आमचं खतं, बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते उभं केलं. हिशोब आणि संगणक माझ्याकडे आहेत. गेल्या मार्चअखेरीला ओळखीतल्या एका व्यापाऱ्याचा टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला, सगळा डेटा एका रात्रीत गेला. सकाळी संगणक सुरू केला तर प्रत्येक फाइलचं नाव बदललेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी: बिटकॉइनमध्ये पैसे भरा, मग फायली उघडून देतो. बॅकअप होता. पण ज्या पेनड्राइव्हवर होता तो बारा महिने त्याच संगणकाला लावलेला असायचा, म्हणून तोही त्यातच गेला. उधारीची वही त्यांनी कधीच बंद केली होती. खरीप तोंडावर आलेला आणि कोणाकडे किती येणं आहे याचा कागद नाही. शेतकऱ्यांनी आपणहून सांगितलं तेवढंच वसूल झालं.

आबा म्हणाले, “एखादा चांगला अँटिव्हायरस घेऊन टाक.” अँटिव्हायरस त्या व्यापाऱ्याकडेही होता, म्हणून मी दुसरीकडून सुरुवात केली. एक कोरी वही घेतली आणि दुकानाचं काय काय संगणकावर आणि फोनवर चालतं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीत कोणाकोणाला शिरता येतं, ते लिहायला घेतलं. टॅली, दुकानाचं जीमेल, जीएसटीचं पोर्टल, मालवाहतुकीचं ई-वे बिल, चालू खात्याचं नेट बँकिंग, गल्ल्यावरचा क्यूआर, दुकानाचं व्हॉट्सअॅप, अनुदानित खताचं पॉस मशीन, वायफायचा राउटर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर. एकेका नावापुढे माणसांची नावं लिहीत गेले, तसं माझ्या लक्षात आलं की दुकान आमचं असलं तरी अर्ध्याअधिक ठिकाणची चावी दुसऱ्याच्या खिशात आहे. एखाद्या छोट्या दुकानदारानं यातलं एकच काम करायचं ठरवलं, तर ही वही लिहावी असं मी सांगेन. पैसा लागत नाही आणि एका दुपारी होते.

जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल आमच्या कर सल्लागारांच्या कार्यालयातला होता. हे आपल्याकडे सर्रास असतं. नोंदणी तेच करून देतात आणि सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतात. त्यात वाईट हेतू नसतो. पण ओटीपी त्यांच्या एखाद्या मदतनिसाच्या फोनवर जातो आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला की प्रश्न उभा राहतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाला सगळ्यांसाठीच ओटीपीची दुसरी पायरी सक्तीची झाली, त्यामुळे नंबर कोणाचा आहे याला आणखी महत्त्व आलं. पोर्टलवर नोंदणीतल्या दुरुस्तीत जाऊन अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल आणि ईमेल आमचा केला. सल्लागारांना आधी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं वहिनी, आमच्याही डोक्याचा ताप गेला.”

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट एनीडेस्कची. टॅलीत काही अडलं की आमचे संगणकवाले दादा दूरवरून दुरुस्त करतात. त्यासाठी ते अॅप आहे आणि त्यात गैर काहीच नाही. मी सेटिंगमधला सुरक्षेचा भाग उघडला, तर मालक समोर नसतानाही आत येण्याची परवानगी चालू होती आणि तिला एक कायमचा पासवर्ड दिलेला होता. म्हणजे मी ‘हो’ म्हणायचं कामच नव्हतं. तो पासवर्ड ज्याला माहीत त्यानं रात्री दोन वाजताही आमच्या हिशोबात शिरावं. मी दादांना विचारलं, हा पासवर्ड दुसरीकडेही वापरता का? ते जरा थांबले आणि म्हणाले, “सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठेवलाय. लक्षात राहायला सोपं पडतं.” एका दुकानातून तो फुटला तर गावातली किती दुकानं उघडी पडतील याचा हिशोब त्यांनी स्वतःच केला. भला माणूस आहे. तिथेच ती परवानगी बंद केली. आता काम असलं की ते फोन करतात, मी अॅप सुरू करते, पडद्यावर आलेली विनंती मंजूर करते, काम संपेपर्यंत समोर बसते आणि शेवटी अॅप बंद करते. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यांच्या इतर गिऱ्हाइकांकडेही हा बदल केला. या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वांत समाधान देणारं काम तेच.

मग विंडोज. बिलिंगचा संगणक जुना, विंडोज १० वर चालणारा. तिचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप यायच्या त्या थांबल्या. “चालतोय की, मग कशाला बदलायचा?” हा आबांचा प्रश्न रास्त होता, कारण संगणक खरोखरच छान चालत होता. मी त्यांना २०१७ सालची गोष्ट सांगितली. मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या एका भगदाडातून. ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती, त्यांचे संगणक कोणी काहीही क्लिक न करता पकडले गेले. त्यानंतर जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. “आपल्यासारख्या लहान माणसाच्या वाटेला कोण जाणार?” हे वाक्य मी यार्डात रोज ऐकते. असल्या हल्ल्यात माणूस निवडतच नाहीत. एक यंत्र दुसऱ्या यंत्राचं उघडं दार शोधत फिरतं आणि त्याला कराड आणि कॅलिफोर्निया सारखेच.

जुन्या संगणकाला विंडोज ११ चालणार नव्हतं, म्हणून बिलिंगसाठी नवा घेतला, विंडोज अधिकृत घेतली. फुकटच्या क्रॅकनं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रामनं, टाकलेली विंडोज किंवा टॅली मी आता कोणालाच सुचवत नाही. ते क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. नव्या संगणकावर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, चालू ठेवला आणि वेगळा अँटिव्हायरस घेतला नाही. रोजच्या कामासाठी साधं खातं आणि नवीन काही टाकायचं असेल तेव्हाच लागणारं अॅडमिनचं खातं वेगळं, अशी दोन खाती केली. अॅडमिनचा पासवर्ड काउंटरवरच्या पोरांकडे नाही. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून गोदामात लेबलं छापायला ठेवला.

आता बॅकअपबद्दल, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण त्या व्यापाऱ्याचं नुकसान तिथेच झालं होतं. आमच्याकडे रोज संध्याकाळी बॅकअप व्हायचा, ‘पूर्ण झाला’ असा संदेशही यायचा. मी तो बॅकअप घरच्या लॅपटॉपवर परत उघडायचं ठरवलं. टॅलीत रिस्टोअर केलं, कंपनी निवडली, दिवसवही उघडली. शेवटची नोंद होती टॅलीची आवृत्ती बदलली त्या दिवसाची! त्या वेळी नव्या आवृत्तीनं डेटा नव्या फोल्डरमध्ये नेला होता आणि बॅकअप मात्र इमानेइतबारे जुन्याच फोल्डरचा होत राहिला होता. दोन्हीकडे कंपनीचं नाव एकच, त्यामुळे वरवर पाहून कळायला मार्ग नव्हता. खतांच्या कंपन्यांचं देणं, शेकडो शेतकऱ्यांची उधारी, सगळं त्या एका संगणकाच्या भरवशावर होतं. फोल्डर दुरुस्त केला, पुन्हा बॅकअप घेतला, पुन्हा लॅपटॉपवर उघडला आणि त्या दिवशीचं युरियाचं शेवटचं बिल त्यात दिसलं तेव्हाच उठले.

आता पद्धत अशी आहे. बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक दुकानात, एक घरी, आणि शनिवारी त्यांची अदलाबदल. दुकानातली डिस्क बॅकअपपुरतीच जोडायची, झालं की काढून कपाटात. तिसरी प्रत गूगल ड्राइव्हवर. पण ड्राइव्हचा फोल्डर संगणकाशी सतत जुळता ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. इथली फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाते. म्हणून बॅकअपची फाइल तारीख घालून वेगळी चढवते. टॅलीच्या डेटाला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला आहे, म्हणजे फाइल कोणाच्या हाती पडली तरी वाचता येणार नाही. तो पासवर्ड विसरला तर टॅलीवालेही काढून देऊ शकत नाहीत, म्हणून पाकिटात बंद करून घरच्या लॉकरमध्ये आहे आणि पाकीट कुठे आहे ते आबांना ठाऊक आहे. महिन्यातून एकदा बॅकअप लॅपटॉपवर उघडून त्या दिवशीचं शेवटचं बिल शोधते. बिल सापडलं तरच वहीत टिक.

पासवर्डांचं काम कंटाळवाणं, पण सोपं. अवघड चिन्हांची आतषबाजी करण्यापेक्षा लांबी वाढवावी. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडले की लक्षातही राहतात आणि फोडायलाही जड जातात. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड हवा आणि तेवढे लक्षात राहत नाहीत, म्हणून बिटवॉर्डन हे मोफत पासवर्ड मॅनेजर घेतलं. सगळ्यांत आधी जीमेल सुरक्षित केलं, कारण बाकीच्या सगळ्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. दोन पायऱ्यांची पडताळणी चालू केली आणि फोन हरवला तर लागणारे राखीव कोड छापून त्याच लॉकरमध्ये ठेवले. राउटर आणि डीव्हीआरचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलले; वायरिंग करणारे ते तसेच सोडून जातात आणि इंटरनेटवर ते कोणालाही सापडतात. गिऱ्हाइकांसाठी वायफायचं पाहुणे-नेटवर्क वेगळं केलं.

पैशाच्या व्यवहारात यंत्रांपेक्षा माणसांना तयार करावं लागलं. काउंटरवर दोन मुलं आहेत, दोघंही हुशार, पण जून-जुलैत गर्दी अशी की मान वर करायला फुरसत नाही. नेमकं तेव्हाच कोणीतरी पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट दाखवून पोतं उचलतो. खोट्या पावत्या दाखवणारी अॅप आहेत. म्हणून जमा रक्कम बोलून सांगणारा साउंडबॉक्स बोलला किंवा आमच्या अॅपमध्ये जमा दिसली, तरच माल सोडायचा, मग समोर पाहुणा असो की पुढारी. क्यूआरचं स्टिकर रोज सकाळी आपल्याच फोननं स्कॅन करून दुकानाचं नाव येतंय का ते पाहायचं. तो क्यूआर एका वेगळ्या खात्याला जोडला आहे आणि त्यातली रक्कम संध्याकाळी मुख्य खात्यात वळवते.

लष्करी अधिकारी बोलतोय, छावणीच्या बागेसाठी भरपूर माल हवाय, आगाऊ पैसे पाठवायला क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, असा फोन आमच्याकडे आला. धाकट्या मुलानं फोन घेतला होता. त्याला मी एकच वाक्य पाठ करून दिलं होतं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. त्यानं तेच समोरच्याला सांगितलं आणि फोन ठेवला. बँकेच्या फोनचंही त्याला सांगून ठेवलंय. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर ठरवले आहेत, बँकांची संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ वर नेण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये दिला, आणि सरकारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाअखेरीस ‘जी’ हे इंग्रजी अक्षर असतं. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘सरकारी’ संदेश आला की तो तिथेच पुसायचा.

कंपन्यांना जाणारी रक्कम मोठी असते, म्हणून तिथे मी हट्टानं नियम केला. कंपनीचा बँक खाते क्रमांक बदलल्याचं ईमेल, पत्र, व्हॉट्सअॅप काहीही आलं, तरी आमच्या जुन्या नोंदवहीतल्या नंबरवर कंपनीच्या माणसाला फोन करून त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही. आलेल्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करून उपयोग नसतो. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्येही पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहायची सोय झाली आहे. ते नाव मोठ्यानं वाचायचं आणि मग पुढचं बटण. सुरुवातीला आबांना हे अविश्वासाचं वाटलं, “तीस वर्षांचे संबंध आहेत.” कंपनीच्याच अधिकाऱ्यानं “असंच करत जा” म्हटल्यावर ते स्वतः फोन करू लागले.

हे सगळं दुकानापुरतं होतं. पण आमच्याकडे येणारा शेतकरी फसला तर त्याची उधारी, त्याचा हंगाम, सगळंच हलतं, म्हणून मी काउंटरवर बोलायला लागले. सध्या सगळ्यांत जास्त धोका एपीके फायलींचा. व्हॉट्सअॅपवर ‘पीएम किसान यादी’, ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची फाइल येते. ती पत्रिका नसते, ते अॅप असतं. ते उघडलं आणि मागेल ती परवानगी दिली की फोनवर येणारे एसएमएस, त्यातले ओटीपीसुद्धा, परस्पर चोराकडे जातात. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ती बघायला काही ‘इन्स्टॉल’ करावं लागत नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. ज्यांना वेळ आहे त्यांच्या फोनमध्ये अनोळखी ठिकाणचं अॅप टाकण्याची परवानगी बंद करून देते आणि व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिन लावून देते.

एक दिवस एक अण्णा दुकानात आले, कपाळावर घाम. उसाचं बिल जमा झालेलं आणि त्यातून पैसे वजा झाल्याचे संदेश एकामागोमाग एक येत होते. सकाळी भावकीच्या गटात आलेली यादी त्यांनी उघडली होती. त्यांचा फोन आधी विमान मोडवर टाकला, म्हणजे पुढचे ओटीपी बाहेर जाणं थांबलं. माझ्या फोनवरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकाला, फोन लावला. तिकडून शांतपणे एकेक विचारत गेले: खातं कोणत्या बँकेचं, व्यवहार किती वाजता, रक्कम, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. हे आकडे हाताशी असले की काम वेगानं होतं, म्हणून अण्णांच्या मुलाला पासबुक घेऊन बँकेत पाठवलं आणि मी संदेशांतले क्रमांक वाचून दाखवले. तक्रारीचा क्रमांक मिळाला. बँकेनं खातं गोठवलं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार भरली, पोलीस ठाण्यात जाऊन आलो. नंतर, गेलेल्या रकमेपैकी काही भाग मधल्या एका खात्यात अडवला गेला. तो परत मिळवायची प्रक्रिया चालू आहे, चिकाटीची आहे. उरलेले पैसे तोवर पुढे सरकले होते. पहिल्या तासात फोन केला तर अडवण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

बँकेत अण्णांना आधी ऐकायला मिळालं, “ओटीपी तुमच्याच फोनवरून गेला, आम्ही काय करणार?” रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम अशा वेळी माहीत असावा. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. ग्राहकाच्या हलगर्जीनं गेलं तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लेखी कळवायचं, पोचपावतीवर वेळ लिहून घ्यायची. अण्णा तासभर लाजून गप्प बसले होते, “लोक काय म्हणतील” म्हणून. मला सगळ्यांत जास्त चीड येते ती या लाजेची. फसवणारे टोळ्या करून, दिवसभर हेच काम करणारे लोक आहेत. त्यांच्यापुढे फसलेल्या माणसानं मान खाली घालायचं काहीच कारण नाही. आता १९३० हा आकडा आम्ही प्रत्येक बिलाच्या खाली छापतो.

आधारचं काम अजून अर्धवट आहे. अनुदानित खत पॉस मशीनवर सहसा अंगठा लावून मिळतं, आणि अंगठ्यानं बँकेतून पैसेही निघतात. ज्यांना भीती वाटते त्यांना मी आधारच्या अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून देते; खत घ्यायच्या दिवशी ते थोड्या वेळापुरतं उघडतात. आधी थोडी तक्रार झाली, “रांगेत उभं राहून हे कधी करायचं?” म्हणून, आता नंबर जवळ आला की उघडतात. ज्यांची आमच्याकडे उधारी आहे त्यांच्या आधारच्या झेरॉक्स मात्र दोन कपाटं भरून आहेत. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे आणि कायद्यानं नाही म्हटलं तरी लोकांचे आकडे असे पडून राहणं बरं नाही. नव्या खातेदाराकडून फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार घेते. जुन्या झेरॉक्समधल्या ज्यांची उधारी फिटली त्यांच्या बाजूला काढून, कापून नष्ट करायला घेतल्या आहेत. एक कपाट झालं, दुसरं रब्बीचा माल उतरायच्या आधी रिकामं करायचं आहे.